युरोपात स्वस्तात अल्टिट्यूड ट्रेनिंग करायचंय? आधी या चुका टाळा

जर्मनी, नेदरलँड्स, यूकेमधली आपली मराठी रनर मंडळी हल्ली मॅरेथॉनच्या आधी "जरा उंचावर जाऊन ट्रेनिंग करू" म्हणायला लागलीयेत. छानच आहे, पण बहुतेक जण स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ सर्च करतात, तिथले रेट बघतात आणि लॅपटॉप बंद करतात. अहो, सेंट मॉरिट्झ साधारण 1,800 मीटरवर आहे आणि डोंगरापलीकडचं इटलीतलं लिविन्योही 1,800 च्या आसपासच आहे. हवा तेवढीच विरळ, वर लिविन्यो टॅक्स फ्री, म्हणजे पेट्रोलपासून बऱ्याच गोष्टी स्वस्त, किचनवाले फ्लॅट आठवड्याच्या हिशोबाने मिळतात आणि नदीकाठाने पळायला लांबलचक सपाट रस्ता आहे. फक्त म्युनिककडून स्वित्झर्लंडमधून बोगद्याने जाणार असाल तर बोगद्याचा टोल धरा आणि फोनचं डेटा रोमिंग बंद ठेवा, ईयूचं फुकट रोमिंग स्विसमध्ये चालेलच असं नाही आणि नंतर बिल बघून घाम फुटतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते. जाहिरातीत "2,600 मीटर" लिहिलेलं असतं, ती उंची स्की लिफ्टच्या टोकाची असते, तुमच्या बेडची नाही! बल्गेरियातलं बान्स्को स्वस्त आहे म्हणून लोक धावतात, पण गाव आहे हजार मीटरच्याही खाली. फ्रान्समधल्या शामोनीचं पण तेच, डोळ्यासमोर मों ब्लां शिखर आणि गाव फक्त 1,035 मीटरवर. ट्रेल रनिंगला मस्त जागा आहेत दोन्ही, पण रक्तात फरक पडायचा तर दिवसाचे जास्तीत जास्त तास विरळ हवेत गेले पाहिजेत, कारण ऑक्सिजन कमी मिळतोय हे कळल्यावरच शरीर ईपीओ हे हार्मोन वाढवतं आणि त्यातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल पेशी वाढतात. म्हणून झोपायची जागा किती उंचावर आहे ते मॅपवर स्वतः तपासा, 1,800 ते 2,500 मीटर बास. आणि उलटं टोक पण नको, 2,800 वरच्या हटमध्ये राहिलात तर झोपच लागत नाही, पळणं लांबच राहिलं.

आता सीझन. आल्प्समध्ये ऑगस्टला जाऊ नका, 15 ऑगस्टच्या आसपास अर्धी इटली सुट्टीवर असते आणि भाडी आभाळाला भिडतात. जूनचा शेवट किंवा सप्टेंबर बघा. मे महिन्यात फ्लॅट फारच स्वस्त दिसला तर खूश होऊ नका, बर्फ पूर्ण वितळलेला नसतो आणि निम्मं गाव बंद असतं.

स्पेनच्या सिएरा नेवाडाचं गणित वेगळं आहे आणि मला विचाराल तर बजेटवाल्यांनी आधी तेच बघावं. प्रादोयानो हे स्की गाव 2,100 मीटरवर आहे, उन्हाळ्यात तिथे ऑफ सीझन त्यामुळे फ्लॅट रिकामे, आणि तीसेक किलोमीटर खाली सातशेच्या आसपास मीटरवर ग्रानादा. म्हणजे वर राहा, फास्ट वर्कआउट खाली करा, लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी 1997 मध्ये अभ्यासातून जी पद्धत मांडली तीच! पण इथेच लोक फसतात, फक्त भाडं बघून बुक करतात. वर सपाट रस्ता जवळपास नाहीच, उन्हाळ्यात बरीच दुकानं बंद, बस मोजक्याच, त्यामुळे कारचं भाडं धरूनच हिशोब करा नाहीतर चौघं मिळून जा. तिथलं 2,320 मीटरवरचं सरकारी ट्रेनिंग सेंटर मोठ्या खेळाडूंसाठी आहे, हौशी माणसाला तिथे बेड मिळेल या भरवशावर तिकीट काढू नका.

कारच नको असेल तर फ्रान्समधलं फाँ-रोमू. 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या तयारीसाठी फ्रेंचांनी 1,850 मीटरवर इथे सेंटर उभारलं, पॉला रॅडक्लिफ, मो फरा इथेच ट्रेनिंग करायचे. पर्पिन्यांहून बस आहे, आणि खालच्या व्हिलफ्रांशहून पिवळी छोटी ट्रेन डोंगर चढत येते, स्लो आहे पण गर्दी नसेल तर मजा येते. शेजारच्या अँडोरा या छोट्या देशाला चक्कर मारायची असेल आणि सिंगल एंट्री व्हिसा असेल तर थांबा, अँडोरा शेंगेनमध्ये नाही, परत येताना अडकाल.

आणि एक आठवडा जाऊन काय होणार? पहिले चार-पाच दिवस तर दम लागण्यातच जातात, त्यात हट्टाने घरचा पेस धरलात तर उरलेले दिवस पाय ओढत फिराल, घड्याळ बघू नका, एफर्टवर, म्हणजे किती दम लागतोय त्या अंदाजाने पळा. निदान तीन आठवडे हवेत. तेवढी सुट्टी नसेल तर वर्क फ्रॉम होमवाल्यांनी वायफाय विचारून घ्या, बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या कोचवर घालवा. आठवड्याला तीस किलोमीटर पळणाऱ्याला उंचीची नाही, मायलेजची गरज आहे, राग मानू नका.

जायच्या दीड महिना आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा, तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर. आयर्न कमी असेल तर शरीराला लाल पेशी बनवायला कच्चा मालच नाही, तीन आठवड्यांचं भाडं पाण्यात. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, मनाने नको.

जेवणावर सगळ्यात जास्त पैसे वाचतात, म्हणून किचन पाहिजेच, आणि छोटा कुकर बॅगेत टाका. 2,000 मीटरवर पाणी 93 डिग्रीच्या आसपासच उकळतं, साध्या पातेल्यात तूरडाळ तासन् तास शिजत बसते. फ्लॅटमध्ये इंडक्शन असेल तर कुकरच्या बुडाला चुंबक चिकटतोय का ते घरीच बघून घ्या.