काठमांडूच्या पायऱ्या आणि माझी घाई

आयएलएसचे (धावपट्टीची दिशा आणि उतार दाखवणाऱ्या यंत्रणेचे) दोन्ही काटे मधोमध धरता आले की माणूस हवेत जातो. मीही गेलो होतो. घरच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर नागपूरच्या ३२ धावपट्टीवर ढग कितीही खाली असले तरी मजेत उतरायचो. मग काठमांडूची ०२ धावपट्टी घेतली, व्हीओआर-डीएमई अप्रोच: व्हीओआर दिशा सांगतो, डीएमई अंतर. सलग अकरा वेळा डोंगरात घुसलो. वणी तालुक्यातल्या आमच्या घरी लाइट गेली तर आयतीच सुटका, नाहीतर बाबा दारातून विचारणार, "आज कुठी पाडलं बे?"

इथे उतार दाखवणारा काटा नाही. अंतर आणि उंचीच्या पायऱ्या आहेत. वाटेत डोंगर, म्हणून नेहमीच्या तीन अंशांपेक्षा उतार खडा. सारखं वाटत राहतं, आपण वरच राहिलो. या वाटण्यानेच माझा घात केला.

समजा, चार्टवर (उतरण्याच्या नकाशावर) डीएमईच्या १२ मैलाला ९,००० आणि ९ मैलाला ८,००० फूट आहे (आकडे समजण्यापुरते, माझे). म्हणजे १२ ओलांडेपर्यंत ९,००० च्या खाली जायचं नाही. ओलांडला, की मग ८,०००. आणि ९ ओलांडेपर्यंत त्याच्या खाली नाही. मी काय करायचो? १२ यायच्या आधीच नजर खालच्या ओळीवर, आणि ऑटोपायलटवर ८,००० फिरवून मोकळा. एक ओळ घसरली की पुढची प्रत्येक घसरते. कॉकपिटात बसून काहीच चुकल्यासारखं वाटत नाही, कारण आकडे चार्टवरचेच असतात! फक्त मैल चुकीचा. २८ सप्टेंबर १९९२ ला पीआयएचं (पाकिस्तानच्या विमान कंपनीचं) एअरबस ए-३०० याच विमानतळाकडे येताना असंच एकेक पायरी आधी उतरत गेलं. १६७ माणसं गेली. हे वाचलं त्या रात्री मी कॉम्प्युटर लावलाच नाही.

आता चार्टवर जिनिंगची जुनी काटा पावती ठेवतो. चालू ओळ उघडी, खालच्या झाकलेल्या. डीएमईचा आकडा डोळ्यांदेखत ओलांडला की आधी पावती सरकवायची, मग उंची फिरवायची, तीही मोठ्याने बोलून. घरचे हसतात. हसू द्या.

पॉज दाबून विचार करणाऱ्यांशी माझं जमत नाही. विमान काही बांधावर उभं राहत नाही. व्हिडिओवाले गुरू जमलेला प्रयत्न दाखवतात, आधीचे कापून टाकतात. आणि घरच्या सिम्युलेटरचं एक मिनिटही लायसन्सच्या तासांत धरलं जात नाही, त्यासाठी डीजीसीएने, म्हणजे सरकारी विमान वाहतूक खात्याने, मंजूर केलेलंच यंत्र लागतं. "घरी तास भरून या" सांगणारा एक क्लासवाला मला भेटला होता. पैसे वाचले, थोडक्यात.

पण घाबरू नका रे पोट्टेहो. बारावीचं फिजिक्स काठावर सुटलेल्या माझ्या हातूनही बाराव्या खेपेला धावपट्टी दिसली. फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या), गिअर (चाकं) लवकर काढा, वेग आधीच कमी करा, म्हणजे खडा उतार अंगावर येत नाही.

मिस्ड अप्रोच, म्हणजे उतरणं सोडून परत वर जायचा ठरलेला मार्ग, मात्र मला अजून चार्टकडे न पाहता सांगता येत नाही, आणि धावपट्टी दिसली नाही तर नेमका तोच लागतो. तो आज रात्री, लाइट राहिली तर.