शब्दकोडे वर्गात नेताना

मी सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील एका शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांनी मुलांची शब्दसंपत्ती वाढवण्यासाठी शब्दकोडे अवश्य वापरावे. मात्र कोडे आपल्या वर्गासाठी आपणच रचावे, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या वर्षी मी पाठांखालच्या शब्दार्थांतून पंधरा अवघड शब्द निवडून कोडे दिले, तेव्हा चार-पाच मुलांनी ते सोडवले आणि बाकीच्यांनी त्यांचे पाहून चौकटी भरल्या. सगळेच शब्द अनोळखी असल्यामुळे सुरुवात कुठून करावी, हेच त्यांना कळत नव्हते. आता मी दहाच शब्द घेते, त्यांतले सहा मुलांच्या रोजच्या बोलण्यातले आणि चार नवे. ओळखीचे शब्द भरले की नव्या शब्दाची एक-दोन अक्षरे हाती येतात आणि मूल अर्थाच्या मागे लागते.

रचना करताना सर्वाधिक वेळ जातो तो अक्षरे जुळवण्यात. आधुनिक शब्दकोड्याचे जनक मानले जाणारे आर्थर विन यांचे शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापले गेले. ते इंग्रजीतले असल्याने तिथे एका चौकटीत एक सुटा वर्ण पुरत होता. मराठीत मात्र काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर, प्रसंगी जोडाक्षरही, एकाच चौकटीत बसवावे लागते. 'गुऱ्हाळ' तीन चौकटींत मावते. 'ढेप' आणि 'पाचट' एकमेकांना छेदू शकत नाहीत, कारण एकीकडे 'प' आहे आणि दुसरीकडे 'पा'. याउलट 'काहील'चा शेवटचा 'ल' आणि 'चुलवाण'चा दुसरा 'ल' नेमके जुळतात (काहील म्हणजे उसाचा रस उकळण्याची मोठी कढई, ती चढते चुलवाणावर म्हणजे मोठ्या चुलीवरच, हे मुलांनी लगेच दाखवून दिले). या अडचणीचा एक मोठा लाभ आहे. 'काहील' आणि 'वही' हे शब्द 'ही'वर छेदत असतील आणि एखाद्याने 'काहिल' लिहिले असेल, तर आडव्या-उभ्या शब्दांचा मेळ बसत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्याची त्यालाच सापडते.

त्याहून अधिक शिकणे सूचकवाक्यात आहे. 'उसाचा टाकाऊ भाग' असे मी एकदा 'चिपाड'साठी लिहिले, तर निम्म्या वर्गाने 'पाचट' भरण्याचा प्रयत्न केला आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता येईना. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पाने आणि चिपाड म्हणजे चरकातून रस काढल्यावर उरणारा चोथा, हा भेद माझ्या वाक्यात यायला हवा होता. म्हणून दुसऱ्या सत्रापासून मी चौकटीच्या वह्या देऊन दोघा-दोघांना कोडे रचायला सांगते. सूचकवाक्य लिहिण्यासाठी शब्दाचा अर्थ नेमका ठाऊक असावा लागतो, तेवढा तो कोडे सोडवण्यासाठी लागत नाही.

गेल्या हंगामात ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातील एक मुलगी काही महिने वर्गात होती. ती फारसे बोलत नसे. तिने 'उसाचा शेंडा, बैलांची वैरण' असे सूचकवाक्य दिले आणि दोन चौकटी आखल्या. उत्तर तिने 'वाढं' असे सांगितले, तर शेजारच्या मुलाने 'वाढे' लिहायला हवे, असा आग्रह धरला. आम्ही चौकटीत 'वाढे' भरले आणि तिच्या सूचकवाक्याला तिच्याच अक्षरात पुढे जोडले: 'आमच्यात वाढं म्हणतात'.