४० स्विचवर व्हीलॅन ३० टाकताना राहिलेला ‘ॲड’

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॅमेऱ्यांसाठी ४० सिस्को नेटवर्क स्विचवर व्हीलॅन ३० (त्याच नेटवर्कमधला ३० क्रमांकाचा वेगळा आभासी विभाग) टाकायचा होता. पायथनची नेटमिको लायब्ररी (नेटवर्क उपकरणांना कमांड पाठवणारी), स्विचच्या आयपींची सीएसव्ही फाइल आणि एक फॉर लूप, एवढं पायथन पुरतं. पण पहिल्याच स्विचचा संपर्क तुटला. चूक पायथनची नव्हती. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ ही कमांड ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) परवानगी असलेल्या व्हीलॅनची जुनी यादी पुसून फक्त ३० ठेवते, त्यामुळे ज्यातून आपण स्विचपर्यंत पोहोचतो तो मॅनेजमेंट व्हीलॅनही ट्रंकवरून निघून जातो. ‘व्हीलॅन’नंतर ‘ॲड’ हवाच. कॉन्फिग सेव्ह केलेलं नव्हतं, म्हणून वीज बंद-चालू करताच जुनं परत आलं.

आता आधी रनिंग-कॉन्फिगचा (सध्या चालू असलेल्या सेटिंगचा) बॅकअप, मग ‘रिलोड इन १०’, म्हणजे १० मिनिटांनी रीस्टार्ट. ही कमांड खात्री विचारते. नेटमिकोत त्यासाठी ‘सेंड कमांड टायमिंग’ वापरा, नाहीतर स्क्रिप्ट प्रॉम्प्टची वाट बघत अडकते. बदल करून ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ तपासा. सगळं ठीक असेल तर ‘रिलोड कॅन्सल’ आणि त्यानंतरच कॉन्फिग सेव्ह करणारी ‘राइट मेमरी’. संपर्क तुटलाच, तर १० मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. आधी एकच स्विच, मग पाच, मग बाकीचे. तेही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, भट्ट्या बंद असताना.