जुळ्या मनोऱ्यांचं मॉडेल करताना

राजारामपुरीतल्या माझ्या वर्गात पोरं क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे करायला घेतात आणि थेट पुठ्ठा कापायला बसतात. आधी प्लॅन काढा बघू. एक चौरस, त्यावर तेवढाच दुसरा ४५ अंशांत फिरवलेला. झाली आठ टोकांची चांदणी. तिच्या आतल्या आठ कोपऱ्यांत अर्धगोल भरा. मनोऱ्यांचे वास्तुविशारद सीझर पेली यांची खरी करामत इथंच आहे, इस्लामी भूमितीतून आलेली. इथं घाई नको.

१:१००० मापानं ४५२ मीटरचा मनोरा साधारण ४५ सेंटिमीटर. दोन्ही मनोऱ्यांना जोडणारा पूल ४१-४२व्या मजल्यांवर, म्हणजे तळापासून १७ सेंटिमीटरवर. त्याच्या टोकांना फेव्हिकॉल लावायचा नाही! वाऱ्यानं मनोरे हलतात, म्हणून खऱ्या पुलाची टोकंही सरकती ठेवलीत. २९व्या मजल्यावरून निघालेले तिरके पाय त्याला मधोमध तोलतात. ते पाय सायकलच्या जुन्या स्पोकचे करा.