क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? मग या चुका टाळा

निकाल लागले की दर वर्षी जून-जुलैत ओपीडी आटोपल्यावर कुणी ना कुणी भेटायला थांबलेलं असतं. हातात प्लास्टिकची फाइल, सोबत आई नाहीतर वडील. मागे लातूरकडची एक मुलगी अशीच आली होती. एम.ए. प्रथम श्रेणीत, कॉलेजच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’. गावात गाळा ठरलेला, पाटी रंगवायला टाकलेली. “मॅडम, आता नोंदणीचं तेवढं सांगा,” वडील म्हणाले.

त्या पदवीवर नोंदणी होणार नव्हती. हे मला त्यांच्या समोर बसून सांगावं लागलं. दोन वर्षं आणि घरच्यांनी जमवलेली फी, दोन्ही एका वाक्यात गेली. तिने विचारलं नव्हतं हे खरं, पण तिला सांगणारंही कुणी नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

चूक पहिली आणि सगळ्यांत महाग: कोर्सचं नाव बघून प्रवेश घेणं

हा रस्ता शेवटाकडून वाचायचा असतो. आधी बघायचं की शेवटी नाव कुठे लागायला हवं, आणि मग तिथपर्यंत कोणती पदवी नेते ते मागे मागे शोधत यायचं. बहुतेक मुलं उलट करतात. बी.ए. झालं, एम.ए. झालं, आता पुढे काय?

आपल्या देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे सगळे जिला आरसीआय म्हणतात ती संस्था करते. १९९२ च्या कायद्याने ती उभी आहे. तिच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असेल तरच या नावाने काम करता येतं. नोंदणीशिवाय काम केल्यास याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्याच दिली. त्या व्याख्येतून आरसीआयची मान्यता कधीच सुटत नाही, आणि एम.फिल.च्या वाटेने गेलं तर देखरेखीखाली केलेलं प्रत्यक्ष कामही. वर्षानुवर्षं हा रस्ता म्हणजे मानसशास्त्रातलं एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असा होता.

म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी एकत्र जुळवून बघा: ही संस्था, हा कोर्स आणि हे वर्ष. तिन्ही आरसीआयच्या यादीत हवेत. संस्थेला दुसऱ्याच एखाद्या कोर्सची मान्यता असते आणि माहितीपत्रकात नुसतं ‘आरसीआय मान्यताप्राप्त’ असं छापलेलं असतं. त्यात खोटं काही नसतं, पण तुमच्या उपयोगाचंही काही नसतं. मान्यतेची मुदतही असते. ऑफिसात मान्यतेचं पत्र दाखवा म्हणा. हे मागायला संकोच वाटतो, विशेषतः वडील सोबत असले की. तरी मागा.

सध्या तर दुप्पट जपायला हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं आणि २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नियमांतून ते काढलं. मग २०२४ च्या जानेवारीत यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांतल्या एम.फिल.ला २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली. त्यामुळे ‘ताईने तीन वर्षांपूर्वी केलं तेच मी करतो’ हा हिशेब आता धरू नका. साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) सारखे लांब मुदतीचे अभ्यासक्रम आहेत, इतरही येत आहेत. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षाची आरसीआयची सूचना स्वतः वाचा. मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट पुरत नाही.

घरबसल्या पदवीचंही तसंच. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन कोर्स चालवायला विद्यापीठांना मनाई केली आहे. अजूनही कुणी अशा प्रवेशाची जाहिरात करत असेल, तर आधी यूजीसीचा आदेश पुढे ठेवा, मग बोला.

दोन गैरसमज लगेच खोडते. मानसशास्त्रातल्या नुसत्या पीएच.डी.ने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, नावामागे ‘डॉ.’ लागतं, नोंदणी मिळत नाही. आणि रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजी हे चांगलं, गरजेचं काम असलं तरी आरसीआयच्या यादीत तो वेगळा वर्ग आहे. आरसीआयची दोन्हींना मान्यता आहे म्हणून दोन्ही एकच होत नाहीत.

चूक दुसरी: सर्टिफिकेटं गोळा करणं

मुलाखतीला येणाऱ्यांच्या फायलीत वीस-वीस ऑनलाइन प्रमाणपत्रं असतात. सीबीटी ही विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती तीन दिवसांत, आर्ट थेरपी एका रविवारी. समोर बसलेल्या परीक्षकाला त्यातून एवढंच कळतं की या मुलाने अजून पेशंट पाहिलेला नाही.

त्यापेक्षा दोन महिने एखाद्या वॉर्डात घालवा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. हा कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. रीतसर अर्ज करा, नकार आला तर दुसरीकडे करा. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघण्याचीही परवानगी मिळाली तरी घ्या. वीस वर्षं आजारी असलेल्या भावाला दर महिन्याला एस.टी.ने घेऊन येणारी बहीण डॉक्टरांशी कशी बोलते, काय सांगते, काय गाळते, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

प्रवेशाच्या तयारीतली चूक याच्याच पोटातली. मुलं एकाच संस्थेचा ध्यास घेतात. बंगळूरचं निमहान्स, रांचीचं केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान, आसामातलं तेजपूर, आपलं पुण्याचं महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थान, प्रत्येकाच्या परीक्षा आणि तारखा वेगळ्या. जागा मोजक्या. चार-पाच ठिकाणी अर्ज हवाच. एम.फिल.साठी एम.ए.ला ५५ टक्क्यांची अट राहिली आहे, राखीव प्रवर्गांना सवलत. ५४ टक्के घेऊन रडणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते, एम.ए.च्या पहिल्या सत्रापासून टक्केवारीवर नजर ठेवा. एक वर्ष हुकलं तर ते वाया गेलं असं समजू नका. त्या वर्षात काय केलं, हे मुलाखतीत नक्की विचारतात.

चूक तिसरी: पेशंटऐवजी फॉर्म भरणं

प्रवेश मिळाल्यावरच्या चुका वेगळ्या असतात, आणि त्यांची किंमत आपण नाही, पेशंट मोजतो. इथे माझीच एक सांगते.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षी नऊ वर्षांच्या एका मुलाची बुद्धिमत्ता चाचणी माझ्याकडे आली. पहाटेच्या गाडीने आलेला, घाबरलेला. प्रत्येक प्रश्नाला आधी ‘काय?’ म्हणायचा. मी निरीक्षणात लिहिलं: लक्ष कमी, सूचना समजत नाहीत. गुण मोजले, आकडा काढला, रिपोर्ट नीटनेटका लिहिला. सुपरव्हायझरांनी तो वाचला आणि एकच विचारलं, “कान तपासलेत?” नव्हते तपासले. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचं निघालं. माझा रिपोर्ट तसाच गेला असता तर त्याची शाळा बदलली असती आणि कानाचं यंत्र कधीच मिळालं नसतं.

तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: डोळे, कान, झोप, पोटात काही गेलंय का, आणि घरी कोणती भाषा बोलतात. मग चाचणीची पेटी उघडायची.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा. आपण शिकतो इंग्रजीत आणि बसतो मराठी माणसासमोर. डॉ. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडला बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. डॉ. मालिन यांनी नागपुरात वेक्स्लरच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप केलं, तेच आपलं ‘मिसिक’. या माणसांनी फार मोठं काम केलं. पण प्रमाणकं, म्हणजे ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून बघतात ते आकडे, जुनी झाली की आजच्या मुलाचे गुण त्यांवर फुगून येण्याची शक्यता असते, आणि ज्या मुलाला मदत हवी ते ‘ठीक आहे’ म्हणून घरी जातं. म्हणून नुसता आकडा लिहू नका. कोणती चाचणी, कधीची प्रमाणकं, मूल घरी कसं वागतं, शाळेत कसं, हे सगळं रिपोर्टात यायला हवं.

मानसिक स्थितीच्या तपासणीत म्हणीचा अर्थ विचारतात, अमूर्त विचार जमतो का ते बघायला. नवी मुलं पुस्तकातली इंग्रजी म्हण जागच्या जागी भाषांतर करून विचारतात. पेशंट गोंधळतो आणि इकडे नोंद होते, ‘अमूर्त विचार क्षीण’. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ विचारा की! शिवाय माणूस जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’, ‘कशात मन लागत नाही’, ‘अंगात येतं’, या प्रत्येकाची वाट निराळी आहे. सगळ्यांवर एकच इंग्रजी शब्द डकवला की ती वाट बुजते. मानसोपचारक कि. मो. फडके यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची उपचारपद्धती मराठीत आणून दाखवली. म्हणजे हे जमतं. फक्त बसून शब्द शोधावे लागतात.

चूक चौथी: सुपरव्हायझरपासून लपवणं

केस बिघडली, पेशंट उठून गेला, सेशनमध्ये आपल्यालाच रडू आलं, हे मुलं सांगत नाहीत. मार्क जातील अशी भीती असते. त्यातली एक गोष्ट तर लपवायचीच नाही: पेशंट मरणाबद्दल बोलला असेल तर ते त्याच दिवशी, घरी जाण्याआधी सुपरव्हायझरांच्या कानावर घाला. उद्याच्या मीटिंगची वाट बघू नका. त्या पेशंटच्या घरच्यांकडे रात्री फोन करायला नंबर आहे ना, हेही बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो.

गोपनीयता २०१७ च्या कायद्याने पेशंटचा हक्क आहे. तरी ग्रुपवर टेस्टच्या कागदाचा फोटो टाकून ‘याचं स्कोअरिंग सांगा ना’ असं विचारलं जातं. नाव झाकलं तरी तो फोटो टाकायचा नाही. मात्र मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्या भेटीतच सांगून ठेवा, नंतर सांगितली तर ती विश्वासघातासारखी लागते.

पाटी लावल्यावर

नोंदणी क्रमांक पाटीवर आणि रिपोर्टावर लिहा. नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी पुढचं शिक्षण चालू असल्याचे गुण लागतात, ते साठवत चला. औषध लिहून द्यायचं नाही, ‘अर्धी गोळी कमी करा’ असंही म्हणायचं नाही. ते मनोविकारतज्ज्ञांचं काम. त्यांच्याशी आणि गावातल्या फॅमिली डॉक्टरांशी आधीपासून ओळख ठेवा. थायरॉइड बिघडलेल्या बाईला सहा महिने नुसतं बोलत बसवणं तुम्हाला नको आहे. पालक दिव्यांग प्रमाणपत्र मागायला आले तर स्पष्ट सांगा की ते सरकारने नेमलेलं वैद्यकीय मंडळ देतं. खाजगी रिपोर्ट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

चूक होऊन गेली असेल तर

मान्यता नसलेल्या कोर्सचं एम.ए. झालं असेल तर ते फाडून टाकण्यासारखं नाही. मानसशास्त्राची मान्य पदवी असेल आणि टक्केवारी बसत असेल, तर तीच पुढच्या मान्यताप्राप्त कोर्सची पायरी ठरू शकते. पदवी दूरस्थ पद्धतीने आधीच घेतलेली असेल तर ती चालेल का, हे ज्या संस्थेत जायचं तिला आणि आरसीआयला ईमेलने विचारा. उत्तर लेखीच घ्या. टक्के कमी पडत असतील तर तुमच्या विद्यापीठात श्रेणीसुधाराची सोय आहे का बघा. कोर्समध्ये देखरेख नावापुरती असेल तर केसची वही स्वतः ठेवा, तारखेसह, आणि त्या त्या आठवड्यातच सही घ्या. वर्षअखेरीस कुणाला काही आठवत नाही.

दरम्यान शाळेत, संस्थेत, हेल्पलाइनवर समुपदेशक म्हणून काम करता येतं. ते कमी दर्जाचं काम नाही. फक्त पाटीवर तेच लिहायचं.

लातूरकडच्या त्या मुलीने पेंटरला फोन करून पाटी थांबवली. वडिलांशी दोन-तीन महिने फारसं बोलणं नव्हतं, असं तिनेच नंतर सांगितलं. आता पाटीवर ‘समुपदेशन केंद्र’ आहे. गाळा तीन दिवस उघडा असतो. बाकीचे दिवस ती जिल्हा रुग्णालयात जाते, तिथल्या स्टुलावर बसते. या वेळी फॉर्म भरण्याआधी तिने चार संस्थांकडे मान्यतेचं पत्र मागितलं. तिघांनी पाठवलं. चौथ्या ठिकाणी तिने फॉर्म भरला नाही.