ई-बुक रीडर भेट देताय? या चुका टाळा

बडोद्यातल्या मराठी घरांत साठीशांत, पंच्याहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन ठरले की भेटवस्तूंच्या चर्चेत आता ई-बुक रीडरचे नाव निघू लागले आहे. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला ही वस्तू सोयीची वाटते, कारण ती बॅगेत सहज मावते आणि ‘बाबांना वाचनाची आवड आहे’ एवढे कारण तिच्या खरेदीला पुरते. ही भेट खरोखर उत्तम ठरू शकते. फसते ती बहुधा एकाच कारणाने: घेणाऱ्याला कोणती पुस्तके, कोणत्या भाषेत आणि कुठून मिळवून वाचायची आहेत, याची चौकशी देणाऱ्याने यंत्र विकत घेण्यापूर्वी केलेली नसते.

पहिली चूक माणूस निवडतानाच होते. जो मुळात वाचत नाही, त्याच्या हाती रीडर दिल्याने तो वाचू लागेल ही आशा व्यर्थ आहे. तो रीडर महिन्याभरात कपाटात जातो. याउलट जो भरपूर वाचतो, पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्याला बारीक टाइप नकोसा झाला आहे किंवा ज्याच्या मनगटाला जाडजूड कादंबरी पेलवत नाही, त्याच्यासाठी सुमारे २०० ग्रॅम वजनाचे, अक्षर हवे तेवढे मोठे करता येणारे यंत्र हे खरे सुख आहे. मात्र बडोद्यात वाचकांचा आणखी एक वर्ग आहे. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून सयाजीराव गायकवाडांनी मोफत ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी करवली, तिच्यातून घडलेल्या सवयीने आजही अनेकजण मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तके आणून वाचतात, वाचून झाल्यावर शेजारच्या काकूंना देतात आणि मगच परत करतात. अशा वाचकाला रीडर दिला तर पुस्तके विकत घेण्याचा खर्च त्याच्या माथी येतो आणि विकत घेतलेले ई-पुस्तक शेजारी देताही येत नाही. त्याला भेट द्यायचीच असेल, तर यंत्राबरोबर पुस्तकांच्या खरेदीसाठी वेगळी रक्कमही द्यावी.

मराठी पुस्तकांची चौकशी आधी करावी

ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडल या आपल्या ई-बुक रीडरवर हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांतली पुस्तके आणली. आजी मराठी वाचते आणि नातू गुजराती, अशा बडोद्याच्या घराला हे सोयीचे आहे. पण मराठीतले प्रत्येक पुस्तक तिथे मिळते असा अर्थ यातून काढू नये. घेणाऱ्याच्या आवडीची दहा-बारा पुस्तके कागदावर लिहून ती किंडलच्या दुकानात आहेत का, हे फोनवरच शोधून पाहावे. त्यातली निम्मीही सापडली नाहीत, तर यंत्र घेण्याचा विचार सोडावा हे बरे. बुकगंगासारख्या मराठी दुकानात घेतलेली ई-पुस्तके त्या दुकानाच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचावी लागतात, ती किंडलवर उतरवता येत नाहीत. त्यामुळे ज्याची खरेदी तिथेच होणार आहे, त्याला अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारखा दिसणारा पडदा असलेला) रीडर किंवा सरळ टॅब्लेट घेऊन द्यावा.

सर्वांत जास्त निराशा पीडीएफमुळे होते. मराठीतले बरेचसे विनामूल्य साहित्य आणि अनेक दिवाळी अंक पीडीएफच्या रूपातच फिरतात. पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की केलेली असते, त्यामुळे सहा इंची पडद्यावर अख्खे पान आक्रसून येते आणि अक्षर मोठे केले की प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. दोन-तीन स्तंभांच्या दिवाळी अंकाची गत तर विचारूच नये. यावर तोडगा म्हणून फाइल ईपबमध्ये, म्हणजे अक्षर मोठे केले की ओळी आपोआप जुळवून घेणाऱ्या ई-पुस्तकाच्या प्रकारात, रूपांतरित करायला गेल्यास पुढची अडचण उभी राहते. जुने मजकूर युनिकोडपूर्वीच्या (म्हणजे संगणकावर देवनागरी लिहिण्याची आजची प्रमाण पद्धत येण्यापूर्वीच्या) फाँटांत टाइप केलेले असतात. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असल्यामुळे रूपांतर होताच मराठी नाहीशी होऊन इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खिचडा पडद्यावर येतो. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची सोपी खूण अशी, की संगणकावर पीडीएफमधली एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवावी. देवनागरी जशीच्या तशी उमटली तर रूपांतर बहुधा होईल. रोमन कचरा आला तर फाँट जुना आहे. आणि ओळ निवडताच आली नाही तर ती पाने म्हणजे नुसती छायाचित्रे आहेत, ज्यांच्यातून आधी ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर काढावा लागतो. पीडीएफच जास्त वाचल्या जाणार असतील, तर दहा इंची पडद्याखाली काहीही घेऊ नये.

रूपांतरित पुस्तक वाचायला देण्यापूर्वी दोन-चार पाने स्वतः नजरेखालून घालावीत. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे तुटलेली नाहीत ना, वेलांट्या जागेवर आहेत ना, हे पाहावे. काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. त्याने वाचन अडत नाही, पण आयुष्यभर मराठी छापील अक्षर पाहिलेल्या डोळ्यांना ते प्रत्येक ओळीत खुपते.

खाते कोणाच्या नावाने?

किंडल मागवताना ती भेट असल्याची नोंद केली नाही, तर ते बहुतेक वेळा खरेदीदाराच्या खात्याला जोडूनच येते. मग अमेरिकेतल्या मुलाने घेतलेली इंग्रजी पुस्तके बाबांच्या पडद्यावर दिसतात आणि बाबांच्या बोटाने चुकून दाबलेल्या ‘खरेदी’चे बिल मुलाच्या कार्डावर जाते. सेटिंग्जमध्ये जाऊन यंत्राची जुनी नोंदणी काढावी आणि ते घेणाऱ्याच्या खात्याला जोडावे. त्या खात्यात देश भारत असा निवडलेला आहे ना, हेही पाहावे, कारण पुस्तकांची उपलब्धता आणि किंमत त्या देशाच्या दुकानाप्रमाणे ठरते. अमेरिकेत स्वस्तात मिळणाऱ्या काही किंडलांच्या बंद पडद्यावर जाहिराती दिसतात, तसेच तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून किंडलवर पुस्तके उसनी घेण्याची सोय इथे लागू होत नाही. मुलांनी ती सोय गृहीत धरून आईवडिलांना आश्वासने देऊ नयेत. परदेशातून आणलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात चालते का, हे बिल करतानाच विचारून घ्यावे.

ई-मेलने पाठवलेले पुस्तक किंडलवर पोहोचत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. पाठवणाऱ्याचा ई-मेल पत्ता खात्यातल्या मंजूर पत्त्यांच्या यादीत नसेल, तर फाइल स्वीकारलीच जात नाही. ई-मेलने ५० एमबीपर्यंतची आणि ‘सेंड टू किंडल’च्या वेबपानावरून २०० एमबीपर्यंतची फाइल जाते, स्कॅन केलेली जुनी पुस्तके ही मर्यादा सहज ओलांडतात.

बिघाड वाटतो, पण नसतो

ई-इंकच्या पडद्यात काळे आणि पांढरे भारित कण असतात आणि ते जागा बदलतात तेव्हाच वीज खर्च होते. म्हणूनच यंत्र बंद असतानाही पडद्यावर चित्र दिसत राहते. त्याच कारणाने पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो आणि कधीकधी आधीच्या पानाची पुसट छाया मागे राहते. मोबाइलला सरावलेल्या माणसाला यंत्र खराब झाल्यासारखे वाटते आणि तो दुकानाकडे धाव घेतो. छाया फारच त्रास देत असेल, तर प्रत्येक पानाला पडदा पूर्ण ताजा करण्याची सेटिंग चालू करावी. हात थरथरत असल्यामुळे नको तेव्हा पाने उलटत असतील, तर मात्र सेटिंगने फारसे साधत नाही. अशा व्यक्तीसाठी पान उलटण्याची वेगळी बटणे असलेला रीडरच निवडावा.

घरातला जुना रीडर धुऊनपुसून पुढे द्यायचा असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. अनेक जुनी किंडल केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असला तर यादीत घरच्या नेटवर्कचे नावच दिसत नाही. आणि कपाटात वर्षभर पडून राहिलेले यंत्र चार्जरला लावताक्षणी उठत नाही, म्हणून ते मेले असे समजू नये. काही तास चार्ज होऊ द्यावे आणि मग पॉवरचे बटण ४० सेकंद दाबून धरावे. बहुतेक किंडल एवढ्याने पुन्हा सुरू होतात.

किंडल वापरण्यासाठी कंपनीने सांगितलेली तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात बडोद्याची दुपार ती सहज ओलांडते. कमाटीबागेबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत रीडर ठेवून जाऊ नये, आणि दुपारी गच्चीवरच्या झोपाळ्याऐवजी खालच्या खोलीतच वाचावे, हे भेट देतानाच सांगून टाकावे.