दारात पालखी आणि समोर दहावीचा पेपर: या चुका टाळा

कोकणात दहावीची परीक्षा आणि शिमगा एकमेकांना टाळू शकत नाहीत. 2024 साली परीक्षा 1 ते 26 मार्च या काळात झाली आणि होळी 24 मार्चला आली; 2025 साली परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च अशी झाली आणि होळी 13 मार्चला होती. त्याच दिवसांत काजूची बी पडू लागलेली असते, आंब्याच्या बागेत राखण सुरू असते, मुंबईहून चाकरमानी घरी आलेले असतात आणि पंधरा-सोळा वर्षांचे एक मूल या सगळ्याच्या मधोमध पुस्तक उघडून बसलेले असते. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका शाळेत शिकवताना आणि परीक्षेत पर्यवेक्षणाचे काम करताना माझे मत असे झाले आहे की, वर्षभर अभ्यास करणाऱ्या मुलांचेही गुण जातात ते बहुतेक वेळा या तीन-साडेतीन आठवड्यांत, आणि ते अभ्यासापेक्षा घरातल्या, रस्त्यावरच्या आणि उत्तरपत्रिकेवरच्या साध्या चुकांमुळे जातात.

शिमग्याचा विचार आयत्या वेळी करणे

या बाबतीत घरे दोन टोकांना जातात. काही घरांत मुलाला शिमग्याला पूर्ण बंदी केली जाते आणि काही घरांत "वर्षातून एकदाच पालखी येते" म्हणून पेपरच्या आदल्या रात्रीही त्याला सहाणेवर, म्हणजे ग्रामदेवतेची पालखी बसते त्या जागी, पाठवले जाते. दोन्ही चुकीचे आहे, पण पहिल्या चुकीबद्दल कमी बोलले जाते म्हणून ती आधी सांगतो. ज्या मुलाने लहानपणापासून पालखीला खांदा लावण्याची वाट पाहिली आहे, त्याला ढोल दारात वाजत असताना माजघरात बसवून ठेवले तर तो वाचत नाही. तो फक्त बसून राहतो, मनात राग धरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच राग घेऊन पेपरला जातो. मी अशी मुले परीक्षेच्या वर्गात पाहिली आहेत. त्यांच्या डोळ्यांवरची झोप जागरणाची नसते, तरीही ती ताजी दिसत नाहीत.

खरे तर शिमग्याची आखणी करणे कोकणात जितके सोपे आहे तितके इतर सणांचे नाही. गावात तेरसे (त्रयोदशीचे) शिमगे आहेत की पौर्णिमेचा होम आहे, पालखी कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी जाणार आणि घरे कोणत्या क्रमाने घेणार, हे गावाने ठरवलेले असते आणि मानकऱ्यांना विचारले की आधीच कळते. राज्य शिक्षण मंडळाचे वेळापत्रकही परीक्षेच्या कितीतरी आधी हाती आलेले असते. ही दोन वेळापत्रके एका कागदावर शेजारी शेजारी मांडावीत आणि मुलाला बसवून त्याच्याच हाताने खुणा करून घ्याव्यात. ज्या दिवशी पालखी आपल्या घरी येणार आणि दुसऱ्या दिवशी पेपर नाही, त्या दिवशी त्याने ओटी भरताना, गाऱ्हाणे घालताना घरच्यांबरोबर मोकळेपणाने उभे राहावे. ज्या रात्री वाडीत नमन-खेळे (लोकनाट्याचे खेळ) आहेत आणि सकाळी बीजगणिताचा पेपर आहे, त्या रात्री त्याला पालखी येऊन गेलेल्या किंवा अजून न आलेल्या वाडीतल्या आत्याकडे किंवा मावशीकडे झोपायला पाठवावे. हा उपाय इतका साधा आहे की कोणाला सुचत नाही. ज्या पालकांनी तो केला त्यांनी नंतर मला आवर्जून येऊन सांगितले आहे.

चाकरमान्यांनाही एक विनंती करावीशी वाटते. घरात आठ-दहा माणसे वाढली की परीक्षार्थीची झोपण्याची जागा सर्वांत आधी जाते आणि "किती टक्के पडतील?" हा प्रश्न त्याला दिवसातून चार वेळा ऐकावा लागतो. त्याची खोली, निदान त्याचा कोपरा, पाहुण्यांना देऊ नये आणि हा प्रश्न निकालापर्यंत कोणीही विचारू नये.

रात्रीचा दिवस करणे

रात्री दोनपर्यंत जागून वाचलेले सकाळी आठवत नाही याचे कारण बुद्धीत नसून झोपेत आहे. दिवसभर वाचलेले मनात पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच होते. मार्चमध्ये किनारपट्टीवर दुपारी उकाडा आणि दमटपणा इतका असतो की जेवणानंतर वाचन होतच नाही, म्हणून मुले रात्रीकडे वळतात. त्यापेक्षा रात्री दहाला झोपून पहाटे साडेचार-पाचला उठावे. त्या वेळी घर शांत असते आणि हवेत गारवा असतो. वीज गेली तर काय, याची सोय आधी करावी: चार्ज केलेला दिवा जवळ असावा आणि अभ्यासाचे साहित्य केवळ मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर असावे. घरची बागायत असेल तर काजू वेचण्याचे आणि राखणीचे काम या तीन आठवड्यांपुरते मुलाच्या वाट्याला देऊ नये. हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण अनेक घरांचे वर्षाचे पैसे याच हंगामात येतात. तरीही पेपरच्या आदल्या दिवसापुरती तरी सूट द्यावी.

परीक्षेच्या सकाळी नवीन काही खायला घालू नये. पेज, घावणे, नाचणीची भाकरी, जे त्याला रोज पचते तेच द्यावे. उन्हात जाताना पाण्याची बाटली विसरू नये.

केंद्रावर पोहोचण्याचा हिशेब चुकणे

सकाळच्या सत्राचा पेपर 11 वाजता सुरू होतो, परंतु विद्यार्थ्याने साडेदहापर्यंत परीक्षा दालनात हजर असणे अपेक्षित असते. अनेक गावांतून केंद्रावर जाण्यासाठी सोयीची अशी एकच एसटी असते, काहींना दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ यांसारख्या फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते, आणि शिमग्याच्या दिवसांत रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची गर्दी असते, कधी वाटेत पालखीच उभी असते. म्हणून साडेदहाला बरोबर पोहोचवणारी गाडी पकडणे ही चूक आहे. तिच्या आधीची गाडी पकडावी, आणि ती नसेल तर वाडीतल्या तीन-चार मुलांच्या पालकांनी मिळून रिक्षा किंवा टेम्पो परीक्षेच्या सर्व दिवसांसाठी आधीच ठरवावा. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी केंद्र, इमारत आणि बैठक व्यवस्था पाहून यावे. वाटेत गाडी बंद पडलीच, तर दुसऱ्या गाडीची वाट पाहत उभे राहण्याआधी आपल्या मुख्याध्यापकांना फोन करावा. त्यासाठी त्यांचा आणि वर्गशिक्षकांचा क्रमांक मुलाच्या कंपासपेटीत कागदावर लिहिलेला असावा, कारण मोबाइल परीक्षा दालनात नेता येत नाही आणि बरेचजण तो घरीच ठेवून निघतात.

प्रवेशपत्र हरवले म्हणून रडत घरी परतलेली मुलगी मी पाहिली आहे. परत जाण्याची काहीच गरज नव्हती. शाळा ते पुन्हा छापून, त्यावर लाल शाईने द्वितीय प्रत असा शेरा मारून देऊ शकते. फक्त ही गोष्ट लगेच सांगावी लागते. वेळापत्रकाच्या बाबतीतही व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रावर विसंबू नये. शाळेला मंडळाकडून मिळालेले छापील वेळापत्रकच अंतिम असते.

उत्तरपत्रिकेवरच्या चुका

सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

2023 पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची पद्धत बंद झाली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटे वाढवून मिळू लागली. म्हणजे भाषेच्या 80 गुणांच्या पेपरला 3 तास 10 मिनिटे आणि विज्ञान, गणित, भूगोल यांच्या 40 गुणांच्या पेपरला 2 तास 10 मिनिटे. याचा हिशेब मुलांनी कधी केलेला नसतो. भाषेत एका गुणाला सव्वादोन मिनिटांच्या थोडे वर मिळतात, तर 40 गुणांच्या पेपरात सव्वातीन. म्हणून वेळ अपुरा पडतो तो मराठी, हिंदी, इंग्रजीत. आणि तिथेच मुले सुरुवातीला निवांत असतात. मराठीच्या कृतिपत्रिकेत गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24 गुणांचे असते. हे 24 गुण शेवटी छापलेले असल्याने मुले पहिल्या उताऱ्यावर चौकोन आखत, रंगीत रेघा मारत तासभर घालवतात आणि पत्र, बातमी, कथा, आत्मकथन हे सगळे शेवटच्या अर्ध्या तासात घाईने उरकतात. उपयोजित लेखनासाठी किमान 55 मिनिटे राखून ठेवावीत. ज्याला लिहिण्याचा वेग कमी आहे त्याने तो विभाग आधी सोडवला तरी चालेल, मात्र विभागाचा आणि प्रश्नाचा क्रमांक स्पष्ट लिहावा.

गणित आणि विज्ञानात बहुपर्यायी प्रश्नांचे मूल्यमापन पहिल्या प्रयत्नाच्या उत्तरावरून होते, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. एक उत्तर लिहिले, खोडले, दुसरे लिहिले, पुढच्या पानावर पुन्हा तिसरे लिहिले, असे करणाऱ्याला वाटते की बरोबर उत्तर शेवटी आले आहे. पण गुण तिथे मिळत नाहीत. उत्तर आधी कच्च्या कामात काढावे आणि मग एकदाच लिहावे. भूमितीत रचनेचे कंस खोडून आकृती सुंदर करण्याची मुलींना विशेष हौस असते. ते कंस म्हणजेच रचनेचा पुरावा आहे, ते राहू द्यावेत. सिद्धतेत प्रत्येक पायरीपुढे कारण लिहावे. ज्याला पूर्ण सिद्धता येत नाही त्यानेही पक्ष, साध्य आणि आकृती लिहावी, जागा कोरी ठेवू नये. भूगोलात भारत आणि ब्राझीलच्या नकाशात ठिकाणे भरली तरी सूची करायची राहून जाते. नकाशा उत्तरपत्रिकेला बांधायचा राहिला, तर तो बाकावरच राहून जातो. घंटेपूर्वी पुरवण्या मोजताना तोही मोजावा.

आसन क्रमांक अंकी आणि अक्षरी लिहिताना चूक झाली तर घाबरून व्हाइटनर लावू नये. पर्यवेक्षकांना लगेच सांगावे. आम्ही तिथे त्यासाठीच असतो आणि अशी चूक सांगणाऱ्या मुलावर कोणी रागावत नाही, किंबहुना रागावू नये.

पेपर झाल्यावर उत्तरे जुळवत बसणे

केंद्राच्या बाहेर पडताच दहा मुले चिंचेखाली उभी राहून उत्तरे जुळवतात. झालेल्या पेपरातला एकही गुण त्याने वाढत नाही, मात्र पुढच्या पेपरची संध्याकाळ जाते. घरी आल्यावर आईने "बाय, पेपर कसा गेला?" एवढे एकदा विचारावे, जेवायला वाढावे आणि विषय तिथेच ठेवावा.

पेपर फुटल्याचे निरोप दर वर्षी मोबाइलवर येतात. ते उघडणे, पुढे पाठवणे, त्यासाठी कोणाला पैसे देणे यापासून मुलाने कटाक्षाने दूर राहावे. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि निरोप खोटा निघाला तरी त्या रात्रीची झोप आणि उजळणी गेलेली असते ती जातेच.

वाईट गेलेल्या पेपरानंतर एकटे सोडणे

कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे येतात आणि त्याचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात सर्वाधिक लागतो. 2025 च्या दहावीत तो 98.82 टक्के होता. आम्हा सर्वांना याचा अभिमान आहे. पण ज्या वर्गात जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात, त्या वर्गात अनुत्तीर्ण होणारे मूल फार एकटे पडते, आणि ही भीती त्याला एखादा पेपर अवघड गेल्याच्या दिवसापासूनच खाऊ लागते. ते बोलायचे थांबते, जेवण टाकते, "मी आता पुढचे पेपर देत नाही" म्हणते. असे ऐकले तर उपदेश करू नये आणि त्याला एकटे ठेवू नये. परीक्षेच्या काळात मंडळ समुपदेशक नेमते, त्यांचे क्रमांक शाळेत मिळतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. मुलाबरोबर बसून पालकांनीच तो फोन लावावा.

त्याला खरी माहितीही द्यावी, कारण भीतीचा मोठा भाग अज्ञानातून येतो. एक किंवा दोन विषय राहिले तरी अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळण्याची सवलत आहे आणि राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैत होते. गुण अपेक्षेपेक्षा कमी आले तर गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. इथे पालक एक चूक हमखास करतात: ते थेट पुनर्मूल्यांकन मागतात. त्यासाठी छायाप्रत आधी घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांतच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. म्हणून छायाप्रत हाती आली की त्याच दिवशी ती विषयशिक्षकांना दाखवावी. मे-जूनमध्ये ते गावी गेलेले असतील, तर त्यांचा फोन क्रमांक निकालाच्या आधीच मागून ठेवावा.